पायबघ्या मिस्त्री

आमच्या दाजींना सगळे पायबघ्या म्हणतात. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, ट्रॅक्टरचे मिस्त्री. शेडसमोर ट्रॅक्टर येऊन थांबला की दुसरा कुठलाही मिस्त्री आधी इंजिनकडे वळेल. हे गृहस्थ उतरणाऱ्या ड्रायव्हरच्या पायांकडे बघतात. बूट कसले आहेत, टाच कुठे झिजली आहे, डावा तळवा उजव्यापेक्षा जास्त घासला आहे का. मग म्हणतात, "पाय जरा वर करा." नवा माणूस बिचकतो. आपण ट्रॅक्टर घेऊन आलोय की चुकून बुटांच्या दुकानात शिरलोय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसतं.

शेडला लागूनच माझं सुट्या भागांचं दुकान आहे, त्यामुळे हा प्रकार मी एकवीस वर्षं रोज बघतोय. खरं सांगायचं तर त्याने माझ्या पोटात दुखतं. शेजारी मिस्त्री, आणि तोही सख्खा मेहुणा, म्हटल्यावर माझं दुकान नुसतं धावायला हवं. पण दहांतले सहा ट्रॅक्टर हा माणूस एकही भाग न बदलता परत पाठवतो. पेडल जरा सैल ठेव, चालवताना पाय त्यावरून काढून खाली ठेव, जा, एवढंच सांगतो. मी काउंटरवर काढून ठेवलेली नवी कोरी क्लच प्लेट फडक्याने पुसतो आणि मुकाट्याने परत कपाटात ठेवतो.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते तरुणपणी. एका ट्रॅक्टरचे गिअर पडताना करकरत होते. दाजींनी उत्साहाच्या भरात ट्रॅक्टर मधून खोलला. म्हणजे इंजिन एका बाजूला, गिअरबॉक्स दुसऱ्या बाजूला, आणि मध्ये हे. दोन दिवस घाम गाळला, प्लेट बघितली, बेअरिंग बघितलं, सगळं ठणठणीत. निमूटपणे परत जोडला. ड्रायव्हर आला, बसला, आणि गिअर पुन्हा करकरला. तेव्हा दाजींची नजर खाली गेली. पायाला चटका बसू नये म्हणून त्या पठ्ठ्याने पेडलखाली दुमडलेलं पोतं अंथरलं होतं. पेडल पोत्यावर टेकत होतं, तळाशी जातच नव्हतं. दाजींनी ते पोतं ओढून काढलं, घडी केली, आणि शेडमधल्या खुंटीला अडकवलं. ते अजून तिथेच आहे. मी कित्येकदा टाकून द्या म्हटलं, पण त्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही.

त्यांचं सगळं शास्त्र दोन वाक्यांत संपतं. क्लचचे रोग दोनच: एक धरत नाही, दुसरा सोडत नाही. धरत नसेल तर इंजिन ओरडतं, ट्रॅक्टर ढिम्म हलत नाही, आणि जळका वास येतो. सोडत नसेल तर पेडल दाबलं तरी गिअर दात खातो. यापुढचं सगळं, त्यांच्या मते, ड्रायव्हरला विचारावं. तोंडाने तो खोटं बोलेल, पायाने बोलणार नाही.

माझ्या भाचीचं लग्न ठरवायला मुलाकडची माणसं आली, तेव्हा तर ताईने कपाळावर हात मारून घेतला. मुलाचे वडील मोठ्या मालकांच्या शेतावर ट्रॅक्टर चालवायचे. ठेंगणे, सडपातळ, ड्रायव्हर असूनही कडक इस्त्रीचा शर्ट आणि आरशासारखे बूट. बोलणंही तसंच, मोजूनमापून. दाजी तासभर मान खाली घालून बसले. पाहुण्यांना वाटलं, केवढा विनयशील माणूस. त्यांनी बाहेर पडताना तसं बोलूनही दाखवलं. पाहुणे गेल्यावर ताई चिडून म्हणाली की निदान एकदा तरी वर बघायचं होतं. दाजी म्हणाले, "त्यांचा डावा पाय बघितलास का? केवढा हलका ठेवतात. असा माणूस क्लच जाळणार नाही. पोरगी द्यायला हरकत नाही."

लग्न झालं, भाची सुखात पडली, नऊ वर्षं गेली. पण व्याही कधी शेडमध्ये पाऊल ठेवत नव्हते. तेलाची जमीन, काळी फडकी. त्यांच्या बुटांना ते मानवणारं नव्हतं. बाहेरूनच हात जोडायचे आणि पुढे जायचे.

मग मागच्या वर्षी बिघाडाला सुरुवात झाली. व्याह्यांच्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट जळली. अशा गोष्टी होतात, मी नवी दिली, ती शेतावरच बसवली गेली. चार महिन्यांत तीही जळली. आणि या सगळ्यात गिअर पडताना असा करकरायचा की शेजारच्या शेतातली माणसं वळून बघायची. मोठ्या मालकांचा पुतण्या, त्याला सगळे धाकटे मालक म्हणतात, तो आता शेतीचं बघत होता. ताडमाड उंच, शिकलेला, हिशेबी डोक्याचा, पण मनाने वाईट नाही. त्याला माझ्याच मालाचा संशय आला. तिसरी प्लेट त्याने थेट शहरातून आणून बसवली. पंधरा दिवसांत तिलाही तोच वास. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मी दुपारी मनसोक्त झोपलो.

माझा आनंद फार टिकला नाही. माल चांगला, गिअरबॉक्सही नुकताच तपासलेला, म्हटल्यावर उरला कोण? ड्रायव्हर. धाकट्या मालकांनी स्वतः ट्रॅक्टर चालवून बघितला होता. त्यांच्या पायाखाली गिअर लोण्यासारखे पडत होते. व्याही बसले की करकर. यातून कुठलाही शहाणा माणूस जो अर्थ काढेल तोच त्यांनी काढला. बावीस वर्षं चालवून व्याह्यांचा पाय आता गेला, सोमवारपासून नवा ड्रायव्हर बघायचा. मोठ्या मालकांनी फक्त एक अट घातली. आधी पायबघ्याला दाखवा, तो सांगेल ते अखेरचं.

म्हणजे बघा, मारून मुटकून न्यायाधीश कोण झाला, तर मुलीचा बाप. दोष मशीनचा म्हणावा तर खोटं बोलून एकवीस वर्षांची जीभ विटाळायची. ड्रायव्हरचा म्हणावा तर स्वतःच्या मुलीच्या सासऱ्याला त्याच्या जागेवरून खाली ओढायचं, आणि मग मुलीने त्या घरात कुठल्या तोंडाने वावरायचं?

शनिवारी सकाळी ट्रॅक्टर शेडसमोर आला. मागे धाकटे मालक गाडीतून, आणि त्यांच्यामागे बातमी लागलेली आठ-दहा माणसं. व्याही ट्रॅक्टरवरून उतरले ते सीटवरून घसरत, आधी एक पाय, मग दुसरा. शर्टाची इस्त्री शाबूत होती, पण चेहरा उतरला होता. त्यांनी हात जोडले. दाजींनी हात जोडले आणि सवयीने खाली बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दाजी आधी स्वतः बसले. पेडल दाबून पाच आकडे मोजले, रिव्हर्स टाकला. आवाज नाही. मग ब्रेक दाबून, वरच्या गिअरमध्ये क्लच सोडला. इंजिन एक झटका देऊन जागच्या जागी बंद पडलं. "धरतोय," ते म्हणाले. म्हणजे प्लेट अजून जिवंत होती. धाकटे मालक हसले. हेच तर ते सांगत होते.

मग दाजींनी व्याह्यांना बसायला सांगितलं आणि स्वतः मडगार्डवर चढून बसले. शेडमागच्या पडीक रानात ट्रॅक्टर फेऱ्या मारायला लागला. पहिल्या फेरीला सगळं नीट झालं. दुसऱ्या वळणावर करकर. तिसऱ्या वळणावर असा आवाज आला की माझे दात शिवशिवले. दाजी सबंध वेळ मान खाली घालून होते. पाच फेऱ्यांनी त्यांनी थांबायला सांगितलं, उतरले आणि हात पुसत उभे राहिले.

"बोला मिस्त्री," धाकटे मालक म्हणाले, "दोष कशाचा?"

"पायाचा," दाजी म्हणाले.

व्याही ट्रॅक्टरवरच बसून होते, स्टिअरिंगला धरून. धाकट्या मालकांनाही ते ऐकून बरं वाटलेलं दिसलं नाही. दाजींनी पुढे सांगितलं की पाय अर्धाच बघून झालाय, बाकीचा जेवणानंतर बघतो, तोवर कुणी ट्रॅक्टरला हात लावू नये. आणि मला म्हणाले, स्कूटर काढ.

रस्त्यात मी त्यांना जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सभ्य शब्दांत त्याचा मथितार्थ असा, की चारचौघांत पोरीच्या सासऱ्याची अब्रू घालवताना तुमची जीभ झडली कशी नाही, आणि त्यावर जेवण सुचतंच कसं? दाजी मागे बसून शांतपणे ऐकत होते. माझा श्वास संपला तेव्हा म्हणाले, "डावीकडे घे. पोरीकडे जायचंय."

मला वाटलं, मुलीला आधीच सांगून माफी मागणार असतील. भाचीने दार उघडलं. बापाचा आणि मामाचा चेहरा बघून ती घाबरली. दाजींनी विचारलं, "तुमची ती लाल कोंबडी अंडी कुठे घालते?"

भाचीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मला तरी काय ठाऊक. ती आम्हाला परसात घेऊन गेली. भिंतीच्या कडेला, गवत अंथरलेल्या एका पसरट लोखंडी भांड्यात ती लाल कोंबडी पसरून बसली होती. दाजींनी तिला दोन्ही हातांनी अदबीने उचलून बाजूला ठेवलं. मग गवत काढलं, दोन अंडी भाचीच्या ओंजळीत दिली, आणि भांडं उलटं केलं. मागे चार बोल्टांची भोकं होती.

ते भांडं नव्हतंच. ट्रॅक्टरची जुनी सीट होती ती, बुडाच्या आकाराची, घासून गुळगुळीत झालेली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

मागच्या वर्षी, शेतावर सगळ्यांना बोलावून, धाकट्या मालकांनी व्याह्यांना एक नवी सीट भेट दिली होती. उंच पाठीची, जाड गादीची, खाली स्प्रिंग. इतकी वर्षं लोखंडावर बसून कंबर झिजवलीत, आता आरामात बसा, असं भाषणही केलं होतं. टाळ्या पडल्या. धाकट्या मालकांनी स्वतः उभं राहून ती बसवून घेतली, आणि पाय नीट पुरतात ना हे बसून बघितलं. स्वतःचे पाय. ते ताडमाड, व्याही ठेंगणे. त्यानंतर ज्या कुणी तपासलं त्याने स्वतःचीच तंगडी लावून तपासलं.

मडगार्डवरून दाजींना काय दिसलं ते, आणि जुनी सीट कोंबडीला दिल्याचं भाची मागे बोलली होती हेही, त्यांनी मला परत येताना सांगितलं. व्याह्यांचा पाय पेडलला लागतो तो फक्त अंगठ्याने. दाबायचं तर कमरेतून पुढे घसरावं लागतं. एखादं वळण जमतं, पुढे कंबर थकते आणि पेडल पाऊणच दबतं. पाऊण दाबलेला क्लच सोडत नाही, मग गिअर करकरणारच. आणि दाबून झालं की पाय खाली ठेवायला जमीनच नाही, तो अधांतरी. पुन्हा पेडल शोधावं लागू नये म्हणून अंगठा तिथेच टेकलेला. टेकलेल्या अंगठ्याने क्लच पुरता धरत नाही, प्लेट घासत राहते आणि जळते. एकाच पायाने दोन्ही रोग.

"मग तिथेच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

दाजी म्हणाले की सांगितलं असतं तर धाकटे मालक म्हणाले असते, व्याह्याला वाचवायला मिस्त्रीने कहाणी रचली. सांगून उपयोग नाही, त्यांच्याच पायाला कळलं पाहिजे. मी स्कूटरचा वेग वाढवला. रस्त्यात बोललो ते परत घेण्याची माझी हिंमत झाली नाही, आणि त्यांनी मागितलंही नाही.

आम्ही पोचलो तेव्हा माणसं दुप्पट झाली होती. व्याही जेवायला गेलेच नव्हते. ट्रॅक्टरच्या सावलीत, रुमाल अंथरून, ताठ बसून होते. दाजी सरळ शेडमध्ये गेले आणि खुंटीवरचं ते जुनं पोतं घेऊन आले. माझ्या दुकानातली आणखी तीन पोती त्यांनी मागून घेतली. चारही पोती घडी करून नव्या सीटच्या पाठीला लावली आणि धाकट्या मालकांना बसायची विनंती केली.

धाकटे मालक बसले. पोत्यांमुळे ते पुढे आले, त्यांचे गुडघे जवळजवळ स्टिअरिंगला लागले. दाजींनी पाय बघितले, मान हलवली. उलटं होत होतं, पाय पेडलला जास्तच पोचत होता. पण दाजी थंड. त्यांनी पोती पाठीमागून काढून बुडाखाली रचली, वर दोन फळ्या घातल्या, आणि धाकट्या मालकांना पाठ सीटला टेकवून बसायला लावलं. आता त्यांचं डोकं आकाशात आणि डाव्या पायाचा फक्त अंगठा पेडलवर. असंच पाच फेऱ्या मारा, पाठ सोडायची नाही, असं सांगून दाजी मडगार्डवर चढले.

पहिली फेरी ठीक गेली. दुसऱ्या वळणावर गिअर कुरकुरला आणि माणसांत खसखस पिकली. तिसऱ्याला असा करकरला की व्याही सावलीतून उठून उभे राहिले. चौथ्या फेरीला हवेत जळका वास आला. धाकट्या मालकांनी पाचवी फेरी मारलीच नाही. इंजिन बंद करून ते वर तसेच बसून राहिले, पाय लोंबत.

दाजींनी विचारलं, "धाकटे मालक, तुमचा पाय गेलाय का हो?"

त्यांनी खाली आपल्या पायाकडे बघितलं. मग व्याह्यांच्या पायांकडे. मग बुडाखालच्या सीटकडे. मी लांबून बघत होतो. समज चेहऱ्यावर चढत जाते म्हणजे काय, ते मी त्या दिवशी बघितलं. ते खाली उतरले आणि सरळ व्याह्यांपाशी गेले.

"काका, वर्षभर सांगितलं का नाही?"

व्याह्यांनी रुमालाची घडी केली. "तुम्ही एवढ्या हौसेनं दिली होती," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. कुठल्या तोंडानं म्हणू की माझे पाय पुरत नाहीत?"

जागा जाईल, बावीस वर्षांचं नाव जाईल, तरी चालेल, पण देणाऱ्याचं मन मोडायचं नाही. असल्या माणसाला काय म्हणावं? मला त्यांचा राग आला आणि डोळेही भरून आले. धाकट्या मालकांचंही तसंच काहीतरी झालं असावं. त्यांनी माझ्या हातातला पाना घेतला आणि चारही बोल्ट स्वतः खोलले.

आम्ही आणलेली जुनी सीट बसली. तिला अजून थोडं गवत चिकटलेलं होतं, ते व्याह्यांनी रुमालाने पुसलं आणि चढले. दोन्ही तळवे पूर्ण टेकले. दाजींनी पेडलची ओढ नीट करून दिली, वरून दोन बोटं सैल. व्याह्यांनी पहिला टाकला. काढला. रिव्हर्स टाकला. काढला. माणसं कान देऊन ऐकत होती, पण ऐकण्यासारखं काही नव्हतं. मग धाकटे मालकच म्हणाले, ट्रॉली लावा. विटांनी भरलेली ट्रॉली जोडली गेली. पुलाच्या चढावर, अगदी मध्यावर, व्याह्यांनी ट्रॅक्टर मुद्दाम थांबवला. क्षणभर सगळं स्थिर. मग डावा पाय हलकेच वर आला आणि अख्खं ओझं वीतभरही मागे न सरकता वर चढून गेलं. वास नाही, झटका नाही, करकर नाही. खाली उभ्या माणसांनी टाळ्या पिटल्या. त्या सीट दिल्याच्या दिवशीपेक्षा मोठ्या होत्या, हे मी स्वतः सांगतो, कारण दोन्ही वेळा मी हजर होतो.

दाजी टाळ्या वाजवत नव्हते. ते पोत्याची घडी करत होते. माझ्या जवळून जाताना म्हणाले, "नऊ वर्षांपूर्वी ताईला तुझ्या सांगितलं होतं की नाही?"

सोमवारी नवा ड्रायव्हर आला नाही. व्याह्यांनी त्या दिवशी ओढ्याकडचं सगळं रान एकट्याने नांगरलं. भेटीची सीट काय करायची, हा प्रश्न होता. धाकटे मालक ती परत घेईनात, व्याही टाकू देईनात. शेवटी ती दाजींच्या शेडमध्ये आली, येणाऱ्या-जाणाऱ्याला बसायला. लाकडी खोक्यांवर बोल्ट मारून बसवलेली, उंच पाठीची.

तिच्यावर पहिल्यांदा बसले ते व्याही. नांगरट संपवून संध्याकाळी उजेड असतानाच आले, पॉलिश केलेल्या बुटांनी सरळ तेलाच्या जमिनीवरून चालत आत शिरले, आणि मागे सरून, पाठ टेकवून, ऐसपैस बसले. ताईने चहा आणला, आणि तिला राहवलं नाही. लग्न ठरवायच्या दिवशी दाजी मान खाली घालून काय बघत होते, ते तिने सांगून टाकलं. व्याही कप हातात धरून थांबले.

"म्हणजे तुम्ही लाजत नव्हता?" त्यांनी दाजींना विचारलं.

दाजींनी कबूल केलं. व्याही इतके हसले की चहा इस्त्रीच्या शर्टावर सांडला, आणि त्यांनी तो पुसलासुद्धा नाही. मग वाकून त्यांनी बूट काढले, एकाशेजारी एक ठेवले, आणि पुन्हा पाठ टेकवली. "आता सावकाश बघा, व्याही," ते म्हणाले. त्यांचे पाय जमिनीपासून चार बोटं वर लोंबत होते, आणि व्याही ते खुशाल हलवत होते.